मिठागरवाल्याच्या पोरीचं पोटॅशियम

कुणाच्या लग्नाला गेले आणि कुणी ओळख करून दिली, की ‘या बाई दगडांची वयं काढायच्या’, की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘कशी हो काढता? दात मोजून?’ आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसतो. पूर्वी मीही हसायची. आता हसत नाही. या दगडांपायी माझं नाव चारचौघांत खराब केलं गेलं, आणि ज्यांनी केलं त्यांच्या गळ्यात पुढे हार पडले. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्या. मी का म्हणून सोडू? ज्यानं चूक केली त्यानं अजून सोडलेली नाही, कागदावर ती माझ्याच नावानं आहे.

तर आधी दात मोजणाऱ्यांसाठी एकदाच नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पोटॅशियम हे द्रव्य बहुतेक सगळ्या दगडांत असतं. केळ्यात असतं, शहाळ्याच्या पाण्यात असतं, तुमच्याआमच्या अंगातही असतं. त्यातला दहा हजारांत एखादा अणू जन्मजात अस्थिर असतो. तो आपणहून कधीतरी मोडतो. मोडलेल्यांपैकी बरेचसे कॅल्शियम होतात आणि थोडे आर्गॉन नावाचा वायू होतात. या मोडण्याचा वेग कशानंही बदलत नाही. उन्हानं नाही, थंडीनं नाही, साहेबाच्या हुकमानं तर नाहीच. होते त्यातले निम्मे मोडायला सव्वाशे कोटी वर्षांच्या आसपास लागतात, आणि ते कायम तेवढेच लागतात.

आता आपला कोकणातला काळा दगड घ्या. तो एके काळी लाव्हा होता, म्हणजे वितळलेला रस. रस उकळता असतो तोवर त्यातला आर्गॉन उडून जातो, आत काही राहत नाही. रस गोठला की दार बंद. त्या दिवसापासून पुढे पोटॅशियम मोडून जो जो आर्गॉन तयार होईल तो दगडाच्या कणांत अडकून पडतो. आपण दगड घ्यायचा, त्यात पोटॅशियम किती आहे ते मोजायचं, आर्गॉन किती साठलाय ते मोजायचं, आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. जितका आर्गॉन जास्त तितका दगड म्हातारा. बाकी हिशेब असतात, हवेतला आर्गॉन शिरला असेल तर तो वजा करायचा असतो, पण मूळ गोष्ट म्हणजे भागाकार. चौथीतल्या पोराला येतो तो.

एक गोम मात्र आहे. उष्णतेनं मोडण्याचा वेग बदलत नाही म्हटलं, ते खरं. पण दगड पुन्हा लालबुंद तापवला, की आत अडकलेला वायू मात्र निसटतो. मग आर्गॉन कमी भरतो आणि सहा कोटी वर्षांचा दगड स्वतःला काल जन्मलेला म्हणवतो. एवढं ध्यानात ठेवा.

गिऱ्हाईकं आमच्याकडे एकेक यायची. गिऱ्हाईक म्हणजे आमचं काही दुकान नव्हतं, सरकारी पैशावर चालणारी मुंबईतली प्रयोगशाळा होती, पण वर्तमानपत्रात काही छापून आलं की लोक यायचे. अलिबागकडचे एक देवस्थानचे पंच पिशवीत मूर्तीचा टवका घेऊन आले. मूर्ती दहा हजार वर्षांची आहे असा दाखला त्यांना हवा होता. मी म्हटलं, दगडाचं वय सांगता येईल, मूर्ती कधी घडवली ते नाही सांगता येणार. त्यांनी विचारलं, दगडाचं किती होईल? म्हटलं, सहा कोटींच्या आसपास. त्यांचे डोळे लकाकले. तेवढंच लिहून द्या म्हणाले. दिलं नाही, तर जाताना मला नास्तिक म्हणून गेले. चौलच्या दोघा भावांचं तर वाडीच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, भांडण. आपल्या बाजूचा गडगा आधीचा, हे दोघांनाही शास्त्रानं सिद्ध करून हवं होतं. दोन्हीकडचा दगड त्याच डोंगराचा. मी म्हटलं, वय एकच येणार, तर दोघंही एकदम माझ्यावरच उलटले. त्या दिवशी त्यांच्यात एकी झाली असावी.

पण ही माणसं भाबडी होती, त्यांचा राग मला कधी आला नाही. राग आला तो शिकलेल्यांचा.

मी उरणची. आमचं घर मिठागरावर राबणारं. बापूस माझा उन्हाळाभर गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा असायचा, त्याच्या पायांना कायम चिरा. त्यानं मला रसायनशास्त्र शिकवलं म्हणजे काय केलं, ते ज्याला मिठागरावरची मजुरी माहीत आहे त्यालाच कळेल. बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, आणि साठ सालानंतर या प्रयोगशाळेत लागले. मोऱ्याच्या बंदरातून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं, तिथून बस. पावसाळ्यात लाँच बंद झाली की मावशीकडे माझगावला राहायचं. नेमणूक हंगामी, दर वर्षी साहेबांच्या सहीनं वाढायची.

साहेब परदेशात शिकून आलेले. वायू मोजायचं मोठं यंत्र त्यांनीच खटपट करून आणलं होतं, ते त्यांचं श्रेय मी नाकारत नाही. त्या यंत्राला ते कुणाला हात लावू देत नसत. फक्त लेले म्हणून एक सहायक होते, ते आणि साहेब, दोघंच. दगड निर्वात नळीत वितळवायचा, निघालेला वायू स्वच्छ करायचा आणि यंत्रात सोडायचा, हे त्यांचं काम. पोटॅशियम मोजायचं काम माझं. दगडाची पूड करायची, प्लॅटिनमच्या मुशीत घालायची, हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवायची. हे आम्ल कातडीवर पडलं तर आत हाडापर्यंत जातं, आधी दुखतही नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून डाग आहे. मग ते द्रावण ज्योतीत फवारायचं. पोटॅशियमनं ज्योत जांभळट होते, किती जांभळट ते यंत्र सांगतं. प्रत्येक खेपेला एक मूस मी रिकामी चालवायची. तीच आम्लं, तीच भांडी, फक्त दगड नाही. त्यात पोटॅशियम सापडलं तर समजायचं की बाहेरून घाण आलीय. माझ्या रिकाम्या मुशीत कधी काही सापडलं नाही. हे मी फुशारकीनं सांगते, आणि का सांगू नये.

साहेबांना विनोद करायची सवय होती. मी मिठागरवाल्याची पोर हे त्यांना कळल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, मिस म्हात्रे, हात धुऊन येत जा, नाहीतर सगळ्या दगडांना मीठ लागेल. सगळे हसले. मीही हसले. नवी होते.

श्रीवर्धनच्या खाली किनाऱ्याला एक कोळीवाडा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना उगाच त्रास नको. तिथे जुन्या काळ्या खडकाला भेग पडून त्यातून नंतरचा रस वर आला आणि गोठला, त्याची एक सरळ भिंत झालीय. ती किनाऱ्यावरून थेट समुद्रात उतरते. आजूबाजूचा खडक झिजला, ही टिकली. गावातले तिला काळी भिंतच म्हणतात. ही भिंत नक्की कधीची, याचं साहेबांना मोठं कुतूहल होतं, कारण लाव्हा वाहायचा कधी थांबला त्याचा अंदाज तिच्यावरून आला असता. बाहेरच्या विद्वानांची सभा आमच्याकडे भरायची होती आणि तिथे त्यांना हे वय जाहीर करायचं होतं. तेव्हा सभेसाठी आधीच आलेले दोन पाहुणे आणि लेले यांना घेऊन साहेब जीपनं स्वतः दगड आणायला गेले. मला नेलं नाही. बाईमाणसाची सोय होणार नाही म्हणाले.

दगड आले, माझ्याकडे निम्मी पूड आली, मी पोटॅशियम काढलं. आपल्याकडच्या काळ्या दगडात असतं तेवढंच, टक्क्याहून कमी. रिकामी मूस स्वच्छ. आकडा दिला आणि माझं काम संपलं. दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर भागाकार मांडलेला होता आणि वय आलं होतं सहा कोटींच्या जागी जेमतेम साठ लाख. एक तुकडा नाही, त्या खेपेतले सगळे तुकडे तसेच, कुणी थोडं वर कुणी थोडं खाली.

साहेब म्हणाले, यंत्र आम्ही तपासलंय, यंत्रात काही नाही. म्हणजे पोटॅशियम जास्त लागलंय. आणि मग पाहुण्यांपैकी एक तिथे बसले होते त्यांच्याकडे बघून, हसत, इंग्रजीत म्हणाले की या मुलीचं घर मिठागरावर आहे, मीठ यांच्या हातातच असतं. या वेळी विनोद नव्हता तो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज न चढवता सांगितलं, की सर, हाताला मीठ असतं तर त्यातल्या सोडियमनं रिकाम्या मुशीचीही ज्योत आधी पिवळीधमक झाली असती, ती झाली नाही. रिकामी मूस स्वच्छ आहे. आणि वय दहा पटीनं कमी यायला माझं पोटॅशियम दहा पट जास्त असायला हवं. म्हणजे खरं पोटॅशियम मी सांगितलं त्याचा दहावा हिस्सा. तसा काळा दगड तुम्ही या किनाऱ्यावर एक तरी पाहिलाय का? साहेब म्हणाले, मिस म्हात्रे, वाद घालू नका, सभा तोंडावर आली आहे. पुढे म्हणाले, तुमच्या नेमणुकीचा कागद या महिन्यात माझ्याकडे येणार आहे, त्याचा मला नीट विचार करावा लागेल.

झालं. दगड चुकला की यंत्र चुकलं याची चौकशी नाही, चुकली ती म्हात्रे. नोकरी जाणार, आणि नुसती जाणार नाही, तर हिचा हात घाणेरडा असा शिक्का घेऊन जाणार. रसायनाच्या धंद्यात तो शिक्का बसलेल्या माणसाला पुन्हा कुणी मुशीला हात लावू देत नाही. घरी माझ्या पाठच्या दोन बहिणी शिकत होत्या, त्याही माझ्याच पगारावर.

माझं पोटॅशियम बरोबर, त्यांचं यंत्र बरोबर, मग उरला तो दगड. जीपचा ड्रायव्हर सखाराम माझ्या ओळखीचा होता. त्याला विचारलं, दगड घेतले तेव्हा समुद्र कुठे होता? तो म्हणाला, बाई, अगदी वर, आम्ही भरदुपारी पोचलो, पाणी पार वरच्या वाळूपर्यंत. मी म्हटलं, तिथी कुठली होती? तर पौर्णिमा. आता पुनवेला नि अवसेला आमच्या किनाऱ्याला भरती दुपारी भरते हे मिठागरावरच्या लहान पोरालाही माहीत असतं. म्हणजे ती भिंत त्या वेळी पाण्याखाली होती. मग दगड फोडला कुठला? सखाराम म्हणाला, वरतीच एक ढीग होता, मोडक्या भट्टीपाशी, तिथे साहेब खाली उतरले.

पुढची अवस रविवारी येत होती, आदल्या दिवशी रजा काढून मी गेले. माणगावला एसटी बदलली, श्रीवर्धनहून बैलगाडी मिळाली. वाडीच्या टोकाला, माडांच्या पलीकडे ती भट्टी. चुन्याची भट्टी. किनाऱ्यावरचे शिंपले गोळा करायचे, शिंपल्यांचा थर, कोळशाचा थर असं रचायचं, आणि पेटवून द्यायचं. पानाला लावायचा चुना असाच होतो, घराला लावायचाही. भट्टी गोल, काळ्या दगडाची रचलेली. ती चालवायची हिराबाई नावाची बाई. नवरा बोटीवर, भट्टी हिच्या एकटीच्या हिमतीवर.

मी हातोडी घेऊन त्या ढिगाकडे गेले मात्र, ती पदर खोचून समोर आली.

“तू त्या जीपवाल्यांची काय गं?”

मी हो म्हटलं.

“मंग माजं दगड कुटं हायत?”

मला कळेना. मग तिनं सगळं पोटतिडकीनं सांगितलं. दर हंगामाआधी भट्टीचं आतलं कडं ती उतरवते. जे दगड तडकले ते समुद्राकडे टाकून देते. जे धड आहेत ते वेगळे रचून ठेवते, खरवडते आणि पुन्हा बसवते. असा एकेक दगड तीन-तीन, चार-चार हंगाम भाजून निघालेला असतो. आणि हे धड दगड तिनं रचून ठेवले होते तेच नेमके या लोकांनी फोडले. ती ओरडली तर तिला सांगण्यात आलं, की सरकारी काम आहे.

“सरकारला भट्टी लावायची हाय व्हय?” ती मला म्हणाली. “आता दुसरं दगड आनायचं कुटनं? मंजी पुन्ना त्या भित्तीचंच काडायचं, नि ती पान्याखाली.”

मी ढिगातला एक दगड हातात घेऊन पाहिला. दगड भिंतीचेच होते. ती भिंत सरळ चौकोनी तुकड्यांत फुटते म्हणून भट्टीवाले पिढ्यान्‌पिढ्या तिचाच दगड काढत आलेले. त्यामुळे साहेबांनी तो फोडून भिंगाखाली पाहिला तेव्हा बरोबर भिंतीचाच दिसला. पोटॅशियम भिंतीचंच. वायू तेवढा नाही, तो हिराबाईच्या भट्टीत उडून गेलेला.

आणि यांना ते दिसलं कसं नाही, तेही मला तिथेच कळलं. आमच्या धंद्याचा नियम असा, की दगडाची बाहेरची साल काढून टाकायची. ऊनपावसानं ती कुजलेली, तांबूस झालेली असते, तिच्यातून वायू गळालेला असतो. आतला काळा गाभा घ्यायचा. या दगडांनाही तांबूस साल होती, पण ती ऊनपावसाची नव्हती, आगीची होती, आणि तिच्या फटींत चुना भरलेला होता. साहेबांनी आणि लेल्यांनी ती नियमाप्रमाणे ठोकून काढली आणि तिथेच टाकली. भट्टीचा जेवढा म्हणून पुरावा होता तेवढा त्यांनी काळजीपूर्वक फेकून दिला आणि भाजलेला गाभा कापडात गुंडाळून मुंबईला नेला. दुसरा नियम होता, सुटा दगड घ्यायचा नाही, जागेवरचाच फोडायचा. तो पाळायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं असतं. पाहुण्यांना जेवायची घाई होती, असं सखाराम म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी अवस. सकाळी पाणी खूप आत गेलं. हिराबाई माझ्याबरोबर आली, साहेबाला तिचे दगड परत करायला सांगेन या अटीवर. शेवाळावरून घसरत भिंतीच्या टोकापर्यंत गेलो. तिच्या घणानं मी भिंतीचा जागेवरचा तुकडा काढला. हाताची सालटी निघाली. शिवाय ढिगाजवळचे साल असलेले, चुना लागलेले दोन टवके घेतले.

सोमवारी ते सगळं मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि हिराबाईच्या दगडांसकट काय ते सांगितलं. त्यांनी चुन्याचा तो टवका उचलून भिंगाखाली धरला. त्यांना कळलं. माणूस हुशार होता, त्यांना पहिल्या वाक्यालाच कळलं असणार. म्हणाले, ठेवून जा.

मी मूर्खासारखी खूश झाले. वाटलं, आता बोलावतील, म्हणतील, म्हात्रे, चूक झाली. बोलावलं नाही. आठवड्यानं माझ्याकडे एक पूड आली, नुसता क्रमांक घातलेली. मी पोटॅशियम काढलं, तर आधीच्या खेपेइतकंच, केसाचा फरक नाही. मला कळलं की माझाच दगड आहे. लेल्यांना जिन्यात गाठून विचारलं, तर ते इकडे तिकडे बघून म्हणाले, सहा कोटींच्या वर आलंय, पण मी सांगितलं म्हणून सांगू नका.

सभेच्या दिवशी साहेबांनी भिंतीचं वय जाहीर केलं. फार सुंदर बोलले. अमावास्येच्या ओहोटीला जागेवरून मिळवलेला नमुना, असं म्हणाले, जणू स्वतःच शेवाळावरून घसरत गेले होते. शेवटी म्हणाले, की पहिल्या खेपेचे आकडे रासायनिक विभागातील दूषणामुळे बाद करावे लागले. रासायनिक विभाग म्हणजे कोण? मी आणि भांडी धुणारा गडी.

मी उभी राहिले. म्हटलं, दोन्ही खेपांचं पोटॅशियम सारखं आहे, दोन्ही मीच काढलंय. एका खेपेला ते दूषित असेल तर दुसऱ्या खेपेला स्वच्छ कसं? पहिले दगड चुन्याच्या भट्टीतले होते. पुढे काही म्हणणार तोच साहेब शांतपणे म्हणाले, “मिस म्हात्रे, बसा. हे आपण नंतर बोलू.”

मी लेल्यांकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते. बाकीच्यांकडे पाहिलं. देशोदेशींच्या पदव्या घेतलेली माणसं. भागाकार येत नाही असा एकही त्या खोलीत नव्हता. मी जे बोलले ते पडताळायला पेन्सिलही लागली नसती. एकानंही तोंड उघडलं नाही. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, तुमचं बरोबर आहे हो, पण असं सभेत बोलायचं नसतं. मग कुठे बोलायचं असतं? न्हाणीघरात? साहेबांचा राग मला आहेच, पण या गृहस्थांचा जास्त आहे. लेल्यांचा त्याहून जास्त. लेल्यांना चार मुलं होती. मला काय घरी कुणी नव्हतं?

संध्याकाळी सांगण्यात आलं, की महिनाअखेरीनंतर माझी गरज नाही.

घरी गेले. बापूस नुकताच मिठागरावरून आला होता. मीठ धरायचे दिवस, एक खाडा परवडत नव्हता असे. मी रडत रडत सगळं सांगितलं. भट्टी, भिंत, वायू, त्याला काय कळलं असेल देव जाणे. त्यानं शेवटी एवढंच विचारलं, तुजी चुकी हाय का? मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, जरापन न्हाय ना? म्हटलं, जरापण नाही.

सकाळी उठून पाहते तो हा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून दारात. मी म्हटलं, कुठे? तर म्हणाला, तुज्या कचेरीत. मी पुष्कळ विनवलं, हातापाया पडले, मला लाज वाटेल म्हटलं. हो, तसंही म्हटलं मी. तो लाँचमध्ये माझ्यापासून दूर बसला.

कचेरीत साहेबांच्या खोलीबाहेर बाक होतं, त्यावर जाऊन बसला. पहारेकऱ्यानं हटकलं तर म्हणाला, मी हिचा बापूस, सायबाला एक इचारायचंय, चूक कोनाची? साहेबांनी शिपायाकरवी कळवलं की वेळ नाही. हा म्हणाला, माजेकडं हाय. आणि बसून राहिला. साहेब आत गेले, बाहेर आले, जेवायला गेले, परत आले. याचं बसणं चालूच. सभेचे पाहुणे अजून येत-जात होते. त्यांच्यातलं कुणी विचारलं की हे गृहस्थ कोण, की हा स्वतःच उठून हात जोडून सांगायचा, माजी पोर इथं कामाला हाय, तिचे हाताला घान हाय म्हनतात, खरं काय ते आयकायला आलोय. दुपारनंतर अख्ख्या इमारतीत दुसरा विषय नव्हता. लोक मुद्दाम त्या मजल्यावरून जायला लागले.

कचेरी सुटायच्या वेळी साहेब बाहेर आले. चेहरा लाल. बापासमोर उभे राहिले आणि हलक्या आवाजात, मराठीत म्हणाले, की चूक तुमच्या मुलीची नव्हती.

“मोठ्यानं बोला, सायेब,” बापूस म्हणाला. “तुमी तिला मोठ्यानं बोल्ला व्हता.”

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. दारादारांत माणसं उभी होती, लेले होते, ते चहाच्या वेळचे गृहस्थही होते. साहेब मोठ्यानं म्हणाले. बापानं टोपी सारखी केली, मला म्हणाला, चल, लाँच सुटंल.

माझी नोकरी राहिली. कागदावर सही झाली, पुढे कायमही झाले आणि त्याच मुशींवर निवृत्त झाले. लोक ही गोष्ट ऐकतात आणि म्हणतात, वा, काय बाणेदार बाप. होताच. पण मला ते ऐकून बरं वाटत नाही, माझा संताप होतो. दोन पदव्या माझ्याजवळ, रिकामी मूस माझ्याजवळ, चुना लागलेला दगड माझ्याजवळ. मी सरळ भागाकार मांडून दाखवला तर मला बसा म्हणाले. आणि ज्याला पोटॅशियम म्हणताही येत नव्हतं त्या माणसाला दिवसभराची मजुरी बुडवून, पाहुण्यांना हात जोडत त्या बाकावर बसावं लागलं, तेव्हा ते खरं झालं. त्यांना माझं म्हणणं पटलं नव्हतं, त्यांना फक्त त्या बाकाची अडचण झाली होती. बापूस त्यानंतर पुन्हा कधी कचेरीत आला नाही. मी एकदा पगाराच्या दिवशी चल म्हटलं, तर म्हणाला, नको, तिथं मानसं चांगली न्हाईत.

साहेब जे बोलले ते व्हरांड्यात. छापलं ते वेगळंच. सभेतलं त्यांचं भाषण पुढे निबंध म्हणून छापून आलं आणि त्यात पहिल्या खेपेबद्दलचं वाक्य जसंच्या तसं आहे, रासायनिक विभागातील दूषण. दुरुस्ती करा म्हणून मी साहेबांना सांगितलं, ते गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्यांना सांगितलं. हो हो म्हणाले सगळे. अजूनही मुलं-मुली तो निबंध वाचतात, त्यावरून शिकतात. मागे एक विद्यार्थिनी मला भेटायला आली. चुणचुणीत पोर. मी तिथे होते हे तिला माहीत होतं, कोणत्या विभागात ते माहीत नव्हतं. मला म्हणाली, मॅडम, आमचे सर नेहमी तुमच्या वेळचं उदाहरण देतात, रसायनवाल्यांनी हात नीट धुतले नाहीत तर काय होतं त्याचं.